पेलागिया गात नव्हती

शोआचा, म्हणजे ज्यूंच्या संहाराच्या आठवणीचा, दिवस जवळ आला की इस्रायलमधल्या किर्यात यामच्या नगर वाचनालयातलं एकच कपाट रिकामं व्हायला लागायचं. शाळाशाळांतली पोरं येऊन त्या कपाटातली पुस्तकं घेऊन जायची. ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या आठवणी, त्यांना लपवणाऱ्यांच्या हकिगती, त्यावर रचलेल्या कादंबऱ्या. निबंध लिहून झाला की पाठ मोडलेली, पानं सुटलेली, चॉकलेटचे डाग पडलेली पुस्तकं परत येऊन पडायची. मागच्या खोलीत डिंकाचं भांडं, ब्रश आणि कापडाच्या पट्ट्या घेऊन हेन्या कोर्न बसलेली असायची. ती पुस्तकं ती दुरुस्त करायची. वाचायची मात्र नाही.

"हेन्या, अगं तू स्वतः त्यातलीच. एकदा तरी उघडून बघ ना," वाचनालयाची मुख्य बाई म्हणायची.

"उघडते की. उघडल्याशिवाय डिंक कुठे लावू?" हेन्या म्हणायची आणि पुढचं पुस्तक ओढायची.

ती तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे होती. बुटकी, जाड काचांचा चष्मा, केस मागे घट्ट ओढलेले. नवरा झाल्मान बेकरीची गाडी चालवायचा. तोही छळछावणीतून जिवंत आलेला, पण कुठल्या, हे त्याने लग्नाच्या बायकोलाही कधी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. दोघांचं जमलं ते त्यावरच. मुलगी नुरित लग्न होऊन हैफात राहायची. घरात शुक्रवारी मासे, शनिवारी नूडल्सचा गोड केक, आणि शोआच्या दिवशी टीव्ही बंद. सकाळी दहाला भोंगा वाजला की सगळा देश जागच्या जागी उभा राहायचा. हेन्या ओट्यापाशी उभी राहायची, झाल्मान गाडी थांबवून रस्त्यात. भोंगा संपला की तो पुन्हा गाडीत बसायचा आणि पाव पोचवायला जायचा.

वाचनालयाच्या शेजारच्या शाळेत कार्मेला नावाची शिक्षिका होती. एके वर्षी ती मागच्या खोलीत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "हेन्याबाई, मुलांशी बोलाल का? पुस्तकं वाचून ती कंटाळलीत. त्यांना खरं माणूस हवंय."

"मला बोलता येत नाही."

"जे झालं तेवढंच सांगा."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही, म्हणून हेन्या गेली. आणि पुढे दरवर्षी जात राहिली. सांगायची ते असं.

पोलंडमधल्या ओल्शांका गावात तिचे वडील घोड्यांची खोगिरं आणि चामड्याचे पट्टे करायचे. ती आठ वर्षांची असताना एका सकाळी गावातल्या सगळ्या ज्यूंना बाजारचौकात जमायचा हुकूम आला. आईने तिचे केस विंचरले आणि म्हणाली, "पेलागियाकडे जा. म्हण, आईने चादरी आणायला पाठवलंय. आणि मी येईपर्यंत तिथेच बस." पेलागिया म्हणजे पुलापलीकडची धोबीण, विधवा, घरात स्ताख नावाचा एक मुलगा आणि एक शेळी. हेन्या गेली. पेलागिया टबावर वाकून कपडे घासत होती, कोपरापर्यंत साबणाचा फेस. हेन्याने आईचा निरोप सांगितला. त्या आठवड्यात त्यांनी चादरी धुवायला दिल्याच नव्हत्या. हे हेन्याला ठाऊक होतं, पेलागियाला तर होतंच. पेलागियाने तिच्याकडे पाहिलं, मग पुलाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चादरी वाळल्या नाहीत अजून. आत ये."

आई आली नाही. कुणीच आलं नाही. मोठ्या चुलीच्या मागे फळ्या ठोकलेली एक अरुंद जागा होती, लाकडं ठेवायची. त्यात हेन्या जवळजवळ दोन वर्षं राहिली. पेलागिया पोलीस ठाण्यातल्या जर्मन शिपायांचेही कपडे धुवायची. पावसाळी दिवसांत त्यांचे सदरे घरातच दोरीवर टांगलेले असायचे, आणि फळ्यांच्या फटीतून हेन्याला त्यांच्या बाह्यांतून पाणी ठिबकताना दिसायचं. ज्या घरात शिपायांचेच सदरे वाळतायत त्या घराची झडती कोण घेणार?

युद्ध संपल्यावर तिच्या मावशीचा नवरा मालगाडीतून, बैलगाडीतून विचारत विचारत आला आणि तिला घेऊन गेला. निघताना पेलागिया चादर पिळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "दार लावून घे, थंडी आत येते," एवढंच म्हणाली.

इथे आल्यावर हेन्याने तिला पार्सलं पाठवली. कॉफी, नायलॉनचे मोजे, संत्री. गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं उत्तर आलं, संत्री पाठवू नकोस, लोकांना दिसतात. गावातल्या लोकांनी आधीच एकदा तिचं घर फोडलं होतं, ज्यूंचं सोनं लपवलंय म्हणून जमीन खणली होती, तिला मारलं होतं. मग हेन्याने काहीच पाठवलं नाही. पेलागिया एकोणीसशे साठच्या दशकात कधीतरी वारली, हे खूप उशिरा कळलं.

एवढंच. अर्ध्या तासात संपायचं. पोरं घड्याळाकडे बघायची. एकदा एका मुलीने विचारलं, "आजी, तिचं तुमच्यावर प्रेम होतं का?"

हेन्याने विचार केला. "माहीत नाही. तिने मला ठेवलं."

कार्मेलानेच मग अव्नेर तामीरला तिच्याकडे पाठवलं. हा कादंबरीकार, चाळिशीचा, लाघवी, जरा लाजाळूच. तो हिवाळाभर दर मंगळवारी टेपरेकॉर्डर घेऊन यायचा, हेन्या त्याला चहा आणि मधाचा केक द्यायची. माणूस सरळ होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "हेन्याबाई, मी तुमचं चरित्र लिहिणार नाहीये. कादंबरी लिहिणार आहे. मी बदलेन. जोडेन. तुम्हाला चालेल का?"

"तुमचं काम तुम्हाला कळतं," हेन्या म्हणाली.

कादंबरी आली तेव्हा नुरितने वीस प्रती घेतल्या आणि झाल्मानच्या टेबलावर रचून ठेवल्या. हेन्याने ती वाचली. संहारावरचं तिने वाचलेलं ते पहिलं पुस्तक. त्यात पेलागिया तरुण झाली होती, सोनेरी केसांची. ती व्हायोलिन वाजवायची. बर्फ पडत असताना तिने एका मुलीला आगगाडीच्या रुळांवरून उचलून छातीशी धरून घरी आणलं होतं. चादरी नव्हत्या. शिपायांचे सदरे नव्हते. आणि रोज संध्याकाळी ती भिंतीच्या फळ्यांना गाल टेकवून पलीकडच्या मुलीसाठी अंगाई म्हणायची.

झाल्मानने जेवताना चष्मा वर करून विचारलं, "तुझी धोबीण आता व्हायोलिन वाजवते म्हणे?"

"हो."

"साबणाच्या हातांनी?"

"पुस्तकात साबण नाहीये."

"मग बरं. पुढच्या पुस्तकात तिची शेळी पियानो वाजवेल."

"बाबा, काहीतरीच काय!" नुरित चिडली. "लोक रडतायत वाचून. आई, तुला कळतंय का, तुझी गोष्ट आता जगभर जाणार आहे."

"माझी नाही," हेन्या म्हणाली. पण ते तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्या वर्षी वाचनालयात अव्नेरचं पुस्तक सगळ्यांत जास्त फाटलं. हेन्याने त्याच्याही पाठीला पट्टी लावली.

शाळेत आता पोरं आधीच पुस्तक वाचून बसायची. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "आजी, ती अंगाई कुठली होती? आम्ही बसवलीय. संगीताच्या बाईंनी चाल लावलीय."

"ती गात नव्हती," हेन्या म्हणाली.

मुलीच्या हातात बासरी होती. ती बासरी तिने हळूच मांडीवर ठेवली आणि खाली बघू लागली. हेन्याला वाटलं, आपण हिच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलं. कार्मेला सांभाळून घेत म्हणाली, "हेन्या आजींना लहानपणचं सगळंच आठवत नसेल."

पुढच्या वर्षी तोच प्रश्न आला तेव्हा हेन्याने नुसती मान हलवली, आणि पोरांनी ती हवी तशी घेतली. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "हो. गायची." पोरांचे चेहरे उजळले. त्यात अवघड काही नव्हतं. घरी येऊन तिने कांदा चिरला, कोंबडीचं सूप केलं.

मग सिनेमा आला. तोवर झाल्मान गेला होता. बेकरीच्या पार्किंगमध्ये, स्टिअरिंगवर डोकं टेकून, झोपल्यासारखा. सिनेमातली नटी प्रसिद्ध होती, तिचा चेहरा बसस्टॉपवर, हैफाच्या चढावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीतसुद्धा. अंगाईला खरी चाल मिळाली. ती रेडिओवर लागायची, सुपरमार्केटमध्ये लागायची, आणि शोआच्या दिवशी शाळेच्या पटांगणात दोनशे पोरं ती एकसुरात म्हणायची. हेन्याला मानाने पहिल्या रांगेत बसवायचे.

कधीतरी त्याच दिवसांत एक गोष्ट घडली आणि ती घडताना हेन्याला समजलीच नाही. एकदा वाचनालयात डिंक लावता लावता ती पेलागियाचा विचार करू लागली, आणि डोळ्यांपुढे आली ती नटी. तिने डोळे मिटले, उघडले. पुन्हा नटी. तिने पेलागियाचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, तर अंगाई ऐकू आली. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावून बघतो, गाल आपलाच असतो पण लागत नाही, तसं झालं. तिने ब्रश धुतला आणि भांड्याचं झाकण लावलं. वाईट वाटायला हवं, असं तिला वाटलं. वाट पाहिली. वाटलं नाही.

त्यानंतर वर्षभराने नुरितचा फोन आला. "आई, ऐक. पोलंडमधून पाहुणी येतेय. पेलागियाची नात. हैफाच्या महोत्सवात सिनेमा दाखवणार आहेत, त्यांनी तिला बोलावलंय. तुम्हा दोघींना स्टेजवर बसवायचंय. आणि ती आधी तुला भेटायचं म्हणतेय."

"कुणाची, स्ताखची मुलगी?"

"हो. ग्राझिना."

ग्राझिना दुपारी आली. पंचेचाळिशीची, धिप्पाड, गालांवर लाली. तिकडे एका शाळेच्या स्वयंपाकघरात स्वयंपाकीण होती. चार जिने चढून धापा टाकत होती. हातात काचेची बरणी, रानातल्या मश्रूमचं लोणचं. दोघी क्षणभर दारात अवघडून उभ्या राहिल्या, मग ग्राझिनाने हेन्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू? बाई म्हटलं तर लांबचं वाटतं."

"मावशी म्हण," हेन्या म्हणाली. पोलिश बोलून तिला इतकी वर्षं झाली होती की तो शब्द तोंडात दगडासारखा लागला.

चहा झाला. ग्राझिनाने स्वयंपाकघर न्याहाळलं, गॅसची शेगडी बघितली, केक आपल्या हाताने कापून घेतला. मग म्हणाली, "मावशी, मी मोठ्या आशेने आलेय. मला आजीबद्दल काहीच माहीत नाही. माझ्या जन्मानंतर थोड्याच वर्षांत ती गेली. गावात कुणी तिचं नाव काढत नाही. आता सिनेमा आल्यापासून बसमधून लोक येतात, व्हायोलिनवालीचं घर कुठे विचारतात. म्हाताऱ्या बायका त्यांना हातानेच हाकलतात."

"आणि स्ताख?"

"बाबांनी टीव्हीवर सिनेमा लावला होता. ती बाई गायला लागली तसा बंद केला. म्हणाले, ही कोण? मग मी विचारलं, बाबा, ती कशी होती? तर म्हणाले, धुणी धुवायची. बस. त्याच हिवाळ्यात गेले." तिने केकचा तुकडा बशीत ठेवला. "तुम्ही सांगा. कशी होती?"

हेन्याने चष्मा काढून पुसला आणि सांगायला सुरुवात केली. सवय होतीच. बर्फ पडत होतं, ती म्हणाली. पेलागियाने मला उचललं. तिचे हात उबदार होते. संध्याकाळ झाली की ती फळ्यांना गाल टेकवायची आणि...

ग्राझिना ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची लाली हळूहळू उतरली. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हे मी पाहिलंय. सिनेमात."

हेन्या थांबली. भिंतीवरच्या गरम पाण्याच्या टाकीत पाणी सळसळत होतं. ग्राझिना रागावली नव्हती, उलट तिलाच लाज वाटल्यासारखं झालं होतं. काहीतरी करायचं म्हणून ती चहा ओतायला उठली. किटलीचं झाकण निसटलं, उकळतं पाणी तिच्या मनगटावर सांडलं, आणि ती ओरडली, "पटकी येवो तुला, मेले!" किटलीला.

ओल्शांकाकडच्या बायका तशाच शिव्या देतात, पटकीचं, कॉलऱ्याचं नाव काढून, शब्द दातांखाली चावून. हेन्याने डोकं वर केलं.

"असंच," ती म्हणाली.

"काय?"

"असंच म्हणायची. शेळीला म्हणायची. टबाला म्हणायची. मलाही." हेन्या उठली, ग्राझिनाचा हात नळाखाली धरला, आणि तिच्याकडे न बघता नळाच्या धारेकडे बघत बोलू लागली. "खोकला आला की म्हणायची, पटकी येवो तुला, तोंडात चिंधी कोंब. मी कोंबायची. एकदा शिंकले तर फळी सरकवून थोबाडीत मारली. हात लाल असायचा, सोड्याने फुटलेला, म्हणून जास्त लागायचा. आधी ती जेवायची, मग स्ताख, मग मी. उरलेलं. पण दुधावरची साय ती खायची नाही, बोटाने काढून फटीतून आत द्यायची. बोलायची नाही काही. बोट फक्त आत यायचं."

पाणी वाहत राहिलं. ग्राझिना हात काढून घेत नव्हती.

"दारू प्यायची. शनिवारी. मग स्वतःशीच बडबडायची, नवऱ्याला शिव्या. एकदा मी फळीआडून विचारलं, तुम्ही मला का ठेवलंत? सोडून दिलं असतंत तरी कुणाला कळलं नसतं. मग म्हणाली, तू आलीस ना. मग काय करू?"

"आणि?"

"आणि काही नाही. ती झोपली."

ग्राझिना हसली, आणि हसता हसता तिच्या नाकातून पाणी आलं, आणि तिने ते ओल्याच हाताने पुसलं. "बाबापण असंच म्हणायचे," ती म्हणाली. "आम्ही काही विचारलं की. मग काय करू?"

हेन्याने तिच्या मनगटाला तेल लावलं. तिला स्वतःला रडू आलं नाही. पेलागियाचा चेहराही पूर्ण आला नाही. आला तो फक्त लाल हात, आणि साय लागलेलं बोट. तेवढं मात्र कुठल्याच सिनेमात नव्हतं.

संध्याकाळी महोत्सवात दोघींना स्टेजवर खुर्च्या दिल्या. दिवे डोळ्यांवर. सूत्रसंचालन करणारा तरुण हसतमुख होता. त्याने शेवटी, सगळ्यांना माहीत असलेल्या क्रमाने, तोच प्रश्न विचारला. "हेन्या आजी, ती अंगाई आज, इथे, पेलागियाच्या नातीच्या शेजारी बसून आठवताना काय वाटतं?"

"ती गात नव्हती," हेन्या म्हणाली.

थोडी कुजबुज झाली. तरुण गडबडला, पण लगेच सावरला. "म्हणजे शब्दशः नाही, पण मनातल्या मनात..."

"मनातलं मला माहीत नाही. मी फळीच्या मागे होते. मोठ्याने ती शिव्या द्यायची."

हे दुभाष्याने ग्राझिनाला सांगितलं. ग्राझिनाने माइक ओढून घेतला आणि म्हणाली, "आमच्या घरात सगळेच देतात." सभागृह हसलं. लोकांना वाटलं, दोघी बायका गमतीशीर आहेत. टाळ्या पडल्या. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. अंगाई आली तेव्हा सगळीकडून नाकं ओढण्याचे आवाज आले. हेन्या आणि ग्राझिना शेजारी शेजारी बसून पडद्याकडे बघत राहिल्या, जशी बसमधली माणसं खिडकीबाहेर बघतात.

बाहेर अव्नेर तामीर वाट बघत उभा होता. केस पांढरे झाले होते. "हेन्याबाई, मी तुमच्या पेलागियाला घालवलं का?"

"तुम्ही तुमचं काम केलंत."

"चादरींचा प्रसंग मी तीनदा लिहिला होता," तो म्हणाला. "शपथ. तीनदा लिहून फाडला. वाचणाऱ्याला कळायचंच नाही, ती बाई दयाळू आहे की नाही."

"मलाही कळलं नाही," हेन्या म्हणाली.

तो काहीतरी बोलणार होता, पण कुणीतरी त्याच्यापुढे सही करायला पुस्तक धरलं. त्याने सही केली. पुस्तक वाचनालयाचं होतं, पाठीला हेन्याच्याच हातची पट्टी.

त्यानंतरच्या वसंतात हेन्याने शाळेत जुनीच गोष्ट सांगितली. चादरी, सदरे, थोबाडीत, साय. अर्ध्या तासात संपली. एका मुलाने तोंड वाकडं करून विचारलं, "मग ती चांगली होती की वाईट?" हेन्या म्हणाली, "तिने मला ठेवलं." कार्मेला निवृत्त झाली होती, नव्या शिक्षिकेने आभार मानले, फुलं दिली. पुढच्या वर्षी तिचा फोन आला, की यंदा मुलांना सिनेमा दाखवतोय, वेळ पुरणार नाही, तुम्हालाही त्रास नको. हेन्या बरं म्हणाली. तिने फोन ठेवला. रुसायला हवं होतं, किंवा सुटल्यासारखं तरी वाटायला. दोन्ही झालं नाही. शोआच्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा ती नेहमीसारखी ओट्यापाशी उभी राहिली, आणि संपला तेव्हा बसली.

नुरितला मात्र लागलं. "तू स्वतःच्या हाताने सगळं घालवलंस आई. एक गाणं. काय बिघडत होतं?"

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. सूप वाढू का?"

ग्राझिनाने गावी जाऊन पेलागियाच्या कबरीवर दगड बसवला. आधी नुसता लाकडी क्रॉस होता, कुजलेला. दगड घडवणाऱ्याने विचारलं, व्हायोलिन कोरू का, लोक येतात बघायला. ग्राझिनाने त्याला पटकीची शिवी दिली. दगडावर नाव आहे आणि खाली 'धोबीण'. बसमधून येणारी माणसं तो दगड शोधत नाहीत, कारण सिनेमात बाईचं नाव वेगळं आहे.

दर रविवारी ग्राझिना फोन करते. हेन्या आता वाचनालयात जात नाही, गुडघे गेलेत. फोन उचलायलाही तिला वेळ लागतो, म्हणून ग्राझिना बराच वेळ वाजू देते. दोघी कोबीच्या भावाबद्दल बोलतात, गुडघ्यांबद्दल, ग्राझिनाच्या सुनेबद्दल. पेलागियाचं नाव फारसं निघत नाही. मागच्या हिवाळ्यात एकदा मध्येच ग्राझिनाने विचारलं, "मावशी, ती कधी हसायची का हो?"

हेन्याने डोळे मिटले. फट होती, बोटभर. त्यातून टब दिसायचा, दोरीवरून लोंबणाऱ्या बाह्या, आणि कंबरेपासून खालची पेलागिया.

"दिसायचं नाही गं," ती म्हणाली. "चेहरा फटीच्या वर असायचा."

ग्राझिना हं म्हणाली. मग तिने सांगितलं की डॉक्टरने गुडघ्याला नवीन मलम दिलंय, वास घाण आहे पण रात्री जरा झोप लागते, आणि हेन्याने मलमाचं नाव विचारून घेतलं.